रक्तदाबाची गोळी आणि विंचवाचे विष

बारावीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक मला वारंवार विचारतात, की तुम्ही डॉक्टर का झालात. या प्रश्नाला समाजसेवा हे तयार उत्तर आहे आणि ते खोटे असते असे मी मुळीच म्हणणार नाही. ज्यांना लहानपणापासून दुसऱ्याचे दुखणे पाहवत नाही अशी माणसे माझ्या वर्गात होती आणि ती आजही उत्तम काम करीत आहेत. माझ्या बाबतीत मात्र सेवेची भावना पुढे, प्रत्यक्ष कामातून आली. मला या क्षेत्राकडे ओढून नेले ते एका प्रश्नाने, आणि तो प्रश्न विंचवाविषयी होता.

रायगड जिल्ह्यातील ज्या वाडीत मी वाढले, तेथे विंचू सगळीकडे असे. जांभ्या दगडाच्या गडग्यांत, पेंढ्याच्या उडवीत, चुलीशेजारी रचलेल्या लाकूडफाट्यात तो सापडे आणि कौलांतून कधी अंथरुणावरही पडे. मोठ्या काळ्या विंचवाला माणसे फारशी भीत नसत, कारण त्याच्या दंशाने ठणका लागला तरी जीव सहसा जात नाही हे सर्वांना अनुभवाने ठाऊक होते. भीती होती ती लहान, तांबड्या विंचवाची. माझी एक आत्या वयाच्या सातव्या वर्षी त्याच्या दंशाने गेली. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, पण आजी ती इतक्या बारकाव्यांनिशी सांगे की पुढे पाठ्यपुस्तकात वाचलेली सर्व लक्षणे मला आधीच माहीत होती: संध्याकाळी विंचू चावला, अंगाला दरदरून घाम सुटला, ओकाऱ्या झाल्या, हातपाय गार पडले, मांत्रिकाने विष उतरल्याचे सांगितले, आणि मध्यरात्रीनंतर धाप लागून तोंडातून लालसर फेस येऊ लागला. पहाटेपर्यंत सगळे संपले होते.

मी शाळेत असताना आमच्या शेजारच्या घरातील, साधारण त्याच वयाच्या मुलाला तसाच विंचू चावला. तोच घाम, त्याच ओकाऱ्या, तेच गार पडलेले हातपाय. त्याला तालुक्याच्या गावी नेले आणि दोन दिवसांनी तो चालत घरी आला. माझे वडील सोबत गेले होते. डॉक्टरांनी काय दिले असे आजीने विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले, की रक्तदाबाची गोळी दिली आणि त्याला अजिबात उठू देऊ नका असे बजावले. आजीला ते पटेना. विंचवाच्या विषावर रक्तदाबाची गोळी कशी चालेल, आणि ती चालत असेल तर आपल्या मुलीला ती का मिळाली नाही, हे दोन प्रश्न तिने त्या संध्याकाळी विचारले आणि त्यांतील एकाचेही उत्तर घरात कोणाला देता आले नाही. आजीचा दुसरा प्रश्न दुःखाचा होता. पहिला प्रश्न माझा झाला.

त्याचे उत्तर मला वैद्यकीय महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षी, औषधशास्त्राच्या तासाला मिळाले. तांबड्या विंचवाचे विष मज्जातंतूंच्या पेशींमधील सोडियमच्या मार्गिकांवर काम करते. या मार्गिका उघडल्यावर क्षणार्धात मिटायला हव्यात, त्या विषामुळे उघड्या राहतात. मग मज्जातंतू सतत उद्दीपित होत राहतात आणि ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात पुराच्या पाण्यासारखी लोटतात. सुरुवातीचा घाम आणि ओकाऱ्या हा त्याच उद्दीपनाचा पहिला टप्पा असतो. त्यानंतर रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार पडतात. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साचते आणि आजीने पाहिलेला तो फेस तोंडाशी येतो. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी रक्तवाहिन्यांवरील अल्फा ग्राहक, म्हणजे ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्ये जेथे चिकटतात त्या जागा, अडवते, वाहिन्या सैल करते आणि हृदयावरचा भार उतरवते. पहिल्या मात्रेनंतर उभे राहिल्यास रक्तदाब एकदम कोसळू शकतो, म्हणून रुग्णाला आडवेच ठेवावे लागते. वडिलांनी सांगितलेली सूचना शब्दशः बरोबर होती. गोळी विषाला मारत नाही; विषाने शरीरात जे सुरू केलेले असते त्याचा धोका ती टाळते. त्या तासाला मला जो आनंद झाला, तो मी आजही विसरलेले नाही.

या उपचारामागील काम आमच्याच जिल्ह्यात झाले होते, हे मला त्यानंतर कळले. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळी विंचूदंशाच्या रुग्णांना जे उपचार दिले जात, त्यांतील काही निरुपयोगी तर काही घातक होते. त्यांनी रुग्णांच्या खाटेशी रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम आणि हातापायांचे तापमान यांच्या नोंदी ठेवल्या, आणि मृत्यू हृदयावरील ताणामुळे व फुप्फुसांत पाणी साचल्यामुळे होतो हे त्या नोंदींतून मांडले. 1982 साली त्यांचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यानंतर प्राझोसिनचा वापर सुरू झाला, आणि पूर्वी 25 ते 30 टक्क्यांच्या घरात असलेले गंभीर रुग्णांचे मृत्यूचे प्रमाण 1 टक्क्याच्याही खाली आले. काम तेथे थांबले नाही. पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेत तयार होणारे विंचवाचे प्रतिविष उपलब्ध झाल्यावर डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी महाडलाच 70 रुग्णांवर चाचणी केली. प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या 35 जणांपैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या 35 जणांमध्ये ही संख्या 8 होती. हा निबंध 2011 साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 2022 साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली, परंतु माझ्या लेखी त्यांचा खरा सन्मान म्हणजे आमच्या वाडीत आज विंचू चावला तर लोक मांत्रिकाकडे न जाता गाडी शोधतात.

माझ्या निवडीचे कारण मी येथे शोधते. रुग्ण बरा व्हावा ही इच्छा प्रत्येकाला असते, त्याच्या आईला तर डॉक्टरपेक्षा अधिक असते. परंतु हा रुग्ण का दगावला, असा प्रश्न धरून ठेवण्याची, तो मोजता येईल अशा रीतीने मांडण्याची आणि उत्तर सापडल्यावर ते पुढच्या रुग्णाच्या खाटेपर्यंत आणण्याची मुभा मला अन्य कोणत्या व्यवसायात इतक्या थेटपणे दिसली नाही. त्यासाठी मोठ्या शहरातील प्रयोगशाळाच हवी असेही नाही. घड्याळ, रक्तदाबमापक आणि नोंदवही घेऊन हे काम आरोग्य केंद्रात होऊ शकते, हे मी माझ्या जिल्ह्यात घडलेले पाहिले आहे.

हीच गोष्ट मला गडचिरोलीत दिसते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. खेड्यांत नवजात बालके कशाने दगावतात याची त्यांनी आधी घरोघरी नोंद घेतली, आणि मग गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊबदार ठेवणे, जंतुसंसर्गाची चिन्हे ओळखणे आणि वेळ पडल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, एवढे सगळे या स्त्रिया शिकल्या. 39 गावांत झालेल्या या प्रयोगामुळे नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, असे 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. आज आपल्या गावातील आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येऊन बाळ तपासतात, त्या पद्धतीचे मूळ या कामात आहे.

दुःखातून या क्षेत्राकडे येणाऱ्यांची वाट मी कमी लेखत नाही. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले; वैद्यकीय मदतीअभावी झालेला तो मृत्यू त्यांच्या निर्णयामागे होता असे त्यांचे चरित्र सांगते. 1883 साली त्या अमेरिकेला निघाल्या, 1886 साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, आणि कोल्हापूरच्या रुग्णालयात रुजू होण्याआधीच 1887 साली पुण्यात क्षयाने गेल्या. त्यांच्याविषयी वाचताना मला विशेष वाटते ते हे, की पदवीसाठी त्यांनी विषय घेतला तो प्रसूतिशास्त्राचाच. ज्या प्रश्नाने त्यांचे मूल नेले, तो त्यांनी अभ्यासाला घेतला. दुःख आणि जिज्ञासा यांची फारकत करण्याचे कारण नाही हे मला त्यांच्याकडे पाहून कळते. माझ्या घरात एक आजीकडे होते आणि दुसरी माझ्याकडे आली, एवढेच.

इतर कारणेही होती, ती लपवण्यासारखी नाहीत. शिक्षकाच्या घरात डॉक्टर या शब्दाला मान होता, उत्पन्नाची शाश्वती होती, आणि आमच्या वेळी बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळत असल्यामुळे शासकीय महाविद्यालयाची फी वडिलांच्या पगारात भागली. आजच्या मुलांना ‘नीट’चे ओझे आणि खाजगी महाविद्यालयांची फी या दोन्हींचा विचार करावा लागतो. त्यांना केवळ ध्येयवादाच्या गोष्टी सांगणे मला अन्यायाचे वाटते. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, एक वर्षाची आंतरवासिता, त्यापुढे पदव्युत्तर प्रवेशाची धडपड आणि तीन वर्षांची निवासी नोकरी, एवढा काळ दुसऱ्याने दिलेल्या कारणावर तग धरता येत नाही. आई म्हणते म्हणून, वर्गातील हुशार मुले जातात म्हणून किंवा घरचे रुग्णालय आहे म्हणून आलेली मुले मी निवासी असताना पाहिली, आणि त्यांतील ज्यांना वाटेत स्वतःचा प्रश्न सापडला ती रमली. ज्यांना तो सापडला नाही, ती हुशार असूनही कोरडी पडत गेली, याचे मला फार वाईट वाटते. म्हणून भेटायला आलेल्या मुलांना मी गुण विचारत नाही. शरीराविषयी, आजाराविषयी किंवा गावातील एखाद्या मृत्यूविषयी अशी कोणती गोष्ट आहे, जी तुला कळलेली नाही आणि कळल्याशिवाय चैन पडणार नाही, असे विचारते. बरीच मुले गप्प होतात. एका मुलीने मात्र विचारले, की आमच्या पाड्यावर झोपेत साप चावलेल्या माणसाच्या अंगावर दाताची खूण का दिसत नाही. तिने वैद्यकीय शाखेला जावे असे मी तिच्या वडिलांना मनापासून सांगितले.

तिचा प्रश्न हाच माझा सध्याचा प्रश्न आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात बारीक असतात, दंशाच्या जागी सूज किंवा वेदना जवळजवळ नसते, आणि रुग्ण पहाटे पोटदुखीची तक्रार घेऊन येतो. पापण्या जड होऊ लागल्या की शंका येते, पण तोवर विष मज्जातंतूंच्या टोकांवर बसलेले असते आणि श्वासाचे स्नायू निकामी होण्याची भीती असते. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे मरण पावली असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुसंख्य खेड्यांतील होती. विंचूदंशावर एका गोळीने जो फरक पडला, तसा फरक मण्यारीच्या बाबतीत अद्याप पडलेला नाही. प्रतिविष आणि वेळेवर कृत्रिम श्वास, याच दोन गोष्टींवर सारे अवलंबून आहे. त्यामुळे आमच्या रुग्णालयात पावसाळ्यातल्या पहाटेच्या प्रत्येक पोटदुखीच्या रुग्णाला आम्ही आता तीन प्रश्न विचारतो: रात्री कुठे झोपला होतात, मच्छरदाणी होती का, आणि डोळे नीट उघडतात का. उत्तरे आणि वेळा आमची परिचारिका नोंदवहीत लिहिते. रुग्णाला घरातून निघायला किती वेळ लागला आणि गाडी कोणी दिली, हेही आम्ही यंदापासून लिहू लागलो आहोत, कारण उशीर नेमका कुठे होतो हे कळल्याशिवाय तालुक्यात प्रतिविष कोणत्या केंद्रांवर ठेवायचे हे आम्हाला ठरवता येणार नाही.