ब्लू ड्रीमची टाकी : कात सुटली एकदाची

आज माझ्या ब्लू ड्रीमच्या, म्हणजे निळ्या निओकॅरिडिना जातीच्या छोट्या गोड्या पाण्यातल्या कोळंबीच्या टाकीत जावा मॉसवर (पाण्यातलं शेवाळ) अख्खी कात मिळाली, मिशांपासून शेपटीपर्यंत कुठे फाटलेली नाही. कात टाकलेली मादी स्पंजवर निवांत चरतेय. पांढऱ्या कड्याने (कात अडकली की अंगाभोवती दिसतं ते) ज्यांच्या माद्या गेल्यात, त्यांना याची किंमत कळेल.

गोम निघाली पाण्यातच. टीडीएस 240, म्हणजे निओकॅरिडिनाला उत्तम. तरी माद्या कात टाकताना अडकून मरत होत्या. टीडीएस मीटर पाण्यात एकूण किती विरघळलंय ते दाखवतो, काय विरघळलंय ते नाही. थेंबांच्या किटने मोजलं तर जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा कडकपणा) 3 आणि केएच (कार्बोनेट-बायकार्बोनेट) 9! केएच जीएचच्या एवढा वर दिसला की सॉफ्टनरवर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) संशय घ्यावा. अपार्टमेंटच्या बोअरला तो बसवलेलाच आहे. कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून तो सोडियम सोडतो, टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. नवं कवच घट्ट व्हायला लागतं नेमकं तेच गायब.

जीएच वाढवायला फिल्टरमध्ये कोरलच्या (प्रवाळाच्या) तुकड्यांची पुरचुंडी टाकायचा बेत रद्द. केएच आधीच 9, पीएच 8 च्या आसपास; त्यात कोरल विरघळणार किती?

सध्याचं मिश्रण, 20 लिटर आरओसाठी (क्षार काढलेलं पाणी): जिप्सम 2.8 ग्रॅम, एप्सम 1.3 ग्रॅम, खायचा सोडा 1.8 ग्रॅम. जीएच 6, केएच 3 येतो. जिप्सम सावकाश विरघळतं, एअरस्टोन लावून रात्रभर ठेवा. त्याऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिस वापरू नका. एप्सम कृषी सेवा केंद्रात स्वस्त मिळतं, पण पिशवीवर फक्त मॅग्नेशियम सल्फेट लिहिलंय ना ते वाचा. शेजारच्या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पिशवीत तांबं असतं, आणि मग टाकी साफ. मिनरलच्या इवल्याशा इंपोर्टेड बाटल्यांत बहुतेक हेच क्षार असतात, दाम मात्र सोन्याचा.

पाण्याचा बदल एका वेळी 4 लिटरच (टाकी 40 ची), तोही गाठ मारलेल्या एअरलाइनमधून (हवेच्या बारीक नळीतून) थेंबथेंब. एकदम बदललं की कात अवेळी सुटते आणि अंडीवाली मादी कातीबरोबर अंडीही टाकून देते. टाकीचा जीएच आता 5 झालाय. एका मादीच्या अंड्यांत डोळ्यांचे काळे ठिपके दिसतायत, म्हणजे पिल्लं फार लांब नाहीत.

हे लिहिता लिहिता सुचलं: सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं कच्चं बोअर का नको? त्याचा जीएच 11, केएच 9. आरओबरोबर निम्मं-निम्मं केलं तर 5.5 आणि 4.5. वर 20 लिटरला 0.9 ग्रॅम जिप्सम, की जीएच 7. सोडा नको, आरओही निम्माच. आधी नायट्रेट आणि तांबं तपासून एका बादलीत चार कल् (रंग न जमल्याने वेगळ्या काढलेल्या कोळंबी) सोडून बघणार.

आरओचे दोन कॅन मात्र भरूनच ठेवायचे. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकलं की नळाचा आणि विजेचा भरवसा नाही. बॅटरीवरचा एअरपंपही आत्ताच चार्ज करून घ्या.