तुम्ही विचारलंत म्हणून: खुनात हसण्यासारखं काय असतं?

मी विनोदी रहस्यकथा लिहिते हे कळलं की लोक पहिल्यांदा हेच विचारतात. लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये, एकदा तर डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असताना, म्हणजे उत्तर द्यायची सोयच नाही. विचारणाऱ्यांचे सूरही वेगवेगळे, काहींना खरंच उत्सुकता असते आणि काही जण "बाईंचं घरी सगळं ठीक आहे ना" अशा नजरेने बघत असतात.

तर खुनात हसण्यासारखं काहीही नसतं. मेलेल्या माणसावर मी विनोद करत नाही, करूही नये, तिथे वाचक दुरावतो. हसायचं ते मागे राहिलेल्या जिवंत माणसांना. बिल्डिंगमध्ये माणूस गेलाय, जिन्यात पोलीस उभे आहेत आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना काळजी ही की आज पाणी सोडणार कोण. हे क्रूर नाहीये हो, हे असंच असतं, कुठल्याही मयताला जाऊन बघा. कोझी मिस्ट्री म्हणतात तो प्रकार याच जागेवर उभा असतो. रक्ताचे पाट नाहीत, पोस्टमॉर्टेमची वर्णनं नाहीत, मरण पडद्याआड होऊन जातं आणि आपण चारचौघांच्या ओळखीच्या जगात तपास करत फिरतो. फक्त एक पथ्य मी पाळते, गेलेल्यासाठी गोष्टीत एक तरी माणूस मनापासून रडला पाहिजे. गेलेला सोसायटीचा सेक्रेटरी कितीही खडूस असू दे, वॉचमनच्या पोरीची फी त्याने गुपचूप भरलेली असते आणि ती पोरगी रडते. त्याशिवाय खुनी सापडला काय न सापडला काय, कुणाला पडलंय?

आता विनोद का, याचं खरं कारण वेगळंच आहे आणि ते फारसं कुणी विचारत नाही. विनोद ही क्लू लपवायची सगळ्यात भारी जागा आहे. वाचक हसला की त्याचं लक्ष अर्धा सेकंद सैल पडतं, तेवढ्यात आपण पुरावा त्याच्या नाकासमोरून नेतो, आणि वर "तुम्हाला सांगितलं होतं की" म्हणायला मोकळे. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्लिश पाद्र्याने 1929 साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यात एक हाच की डिटेक्टिव्हला सापडलेला पुरावा वाचकापासून दडवायचा नाही. (आणखी एक नियम जुळ्या भावांबद्दल आहे, आधी कल्पना दिल्याशिवाय ते आणू नयेत म्हणून. आपल्या सिनेमावाल्यांना तो वाचून दाखवायला हवा होता.) दडवायचं तर नाही पण कळूही द्यायचं नाही, मग उरतो विनोद.

उदाहरण देते. माझी जी गुप्तहेर आहे, कुमुदकाकू, बँकेच्या क्लिअरिंगमधून रिटायर झालेली, आयुष्य चेकवरच्या सह्या जुळवण्यात गेलेलं. तिच्या सोसायटीत एजीएमच्या, म्हणजे वार्षिक सभेच्या, आदल्या आठवड्यात सेक्रेटरी ऑफिसात मेलेले सापडतात, संध्याकाळी साडेसात ते साडेआठच्या मधे कधीतरी. संशयितांपैकी एक गृहस्थ काकूंना सांगतात, "अहो काकू, संकष्टी नव्हती का त्या दिवशी! ही गेली भजनी मंडळात, मोदक झाकून ठेवलेले, मी साडेसातला चंद्र बघितला आणि बसलो ताटावर ते साडेआठलाच उठलो." मग दीड पान नुसते मोदक. किती खाल्ले, तूप कसं ओघळलं, शेवटचा बायकोसाठी ठेवायचा होता पण "तो फुटलाच होता हो". वाचक या खादाड माणसाला हसत हसत पुढे जातो.

आणि काकू घरी येऊन स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय बघते. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो, त्यानंतर रोज साधारण पाऊणएक तास उशिरा, म्हणजे पौर्णिमेनंतर चौथ्या तिथीला येणाऱ्या त्या संकष्टीला साडेसातचा चंद्र आपल्याकडे शक्यच नाही, त्या दिवशीची वेळ पावणेनऊ छापलेली. वर भाद्रपदातलं ढगाळ आभाळ, ज्यांनी खरा उपास केला ते सगळे घड्याळ बघून जेवलेले. जो माणूस दर महिन्याला पोटात कावळे घेऊन त्या चंद्राची वाट बघतो त्याला ही वेळ पाठ असते, चुकेल तो फक्त बायकोला दाखवण्यापुरता उपास करणारा, दुपारी बाहेर मिसळ हाणून येणारा. म्हणजे एका वेळेने त्याची बतावणीही उघडी पडते आणि स्वभावही. मला हे असले पुरावे आवडतात. डीएनए, टॉवर लोकेशन वगैरे पोलिसांना लखलाभ, कालनिर्णय घराघरात टांगलेलं असतं आणि वाचकाला स्वतःला उठून बघता येतं.

यावर एका वाचकाने कळवलं, "मॅडम, त्यांना डायबेटिस असेल तर? शुगरवाले लवकर सोडतात उपास." बरोबर आहे. पण तो "चंद्र बघितला" म्हणाला, गोळी घ्यायची होती असं नाही म्हणाला. तरी पुढच्या गोष्टीपासून मी संशयितांचे आजारही आधी ठरवून ठेवते.

दुसरी गोष्ट म्हणजे लबाड्या. गोष्टीत खोटं बोलणारा एकटा खुनीच असला तर तो दहाव्या पानावर सापडेल, म्हणून सगळ्यांनी खोटं बोललं पाहिजे, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं आणि शक्यतो लाजिरवाणं पाहिजे. हाउसिंग सोसायटीत याला तोटा नाही. फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचा आकार, लावू शकते, पण जवळचे नातेवाईक राहत असतील तर नाही. त्यामुळे भाडेकरू एकदम "आमचा मेव्हणा" होतो. मेव्हणाच का, तर आडनाव वेगळं असलं तरी चालतं! आता खुनाच्या रात्री हा मेव्हणा पोलिसांना बघून मागच्या जिन्याने पळतो, बहिणीचं माहेरचं नाव विचारलं तर त त प प करतो, वाचकाची खात्री पटते की हाच, आणि बिचाऱ्याचा गुन्हा काय तर महिन्याचे काहीशे रुपये वाचवण्यात सामील. अशी तीन-चार माणसं रचली की निम्मी कादंबरी झाली. एजीएम तीस सप्टेंबरच्या आत घ्यायची असते म्हणून तारखेचा ताणही फुकटात मिळतो.

मग लोक म्हणतात ठीक आहे, पण पोलीस असताना काकूच कशाला? आपल्याकडे रहस्यकथा म्हटलं की बाबुराव अर्नाळकरांचे धाडसी नायक आठवतात, त्यामुळे गुडघे धरून जिना चढणारी बाई पटत नाही. खरं तर म्हातारीची परंपरा जुनीच आहे, अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल 1927 च्या एका लघुकथेत पहिल्यांदा आली तेव्हापासून विणकाम करत ऐकतेच आहे. म्हातारीसमोर माणसं बोलतात. पोलिसासमोर तोंड शिवून बसणारी बाई काकूला मेथी निवडता निवडता नणंदेचं सगळं सांगते.

आणि कायदाही काकूच्या बाजूने आहे, हे मला लिहायला लागल्यावर कळलं आणि मी टाळीच वाजवली. संशयास्पद मृत्यू झाला की पोलीस बऱ्याचदा आधी अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पूर्वी त्यासाठी सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कायद्याचं, कलम 174 होतं, 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या नवीन संहितेचं 194. ही नोंद ते खुनाचा गुन्हा, या मधल्या काळात पोलिसांना घाई नसते आणि काकूला असते, माझं सगळं कथानक त्या फटीत बसतं. त्याहून मजा म्हणजे पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम 25 होतं, नव्यात 23. पण तीच कबुली माणसाने आपणहून शेजारच्या काकूजवळ दिली तर ती कोर्टात ग्राह्य धरता येते! कोर्ट तिला कमकुवत पुरावा मानतं, जोड मागतं, पण ऐकून घेतं. म्हणजे शेवटी सगळ्यांना हॉलमध्ये जमवून खुन्याला बोलतं करायचं हा जो प्रकार सगळ्यांना नाटकी वाटतो, त्याला आपल्याकडे कायद्याचा थोडासा टेकू आहे. फक्त धमकी नको, आमिष नको, नाहीतर कोर्टात ते उलटू शकतं.

म्हणून माझ्या शेवटच्या प्रकरणात पीएसआय साहेब सोफ्यावर नसतात. काकू त्यांना म्हणते, "साहेब, तुम्ही जरा खाली पार्किंगमध्ये थांबा, चहा पाठवते." मग मोदकवाले गृहस्थ रडकुंडीला येऊन "काकू, मला काहीतरी सांगायचंय" म्हणतात, तेव्हा ती त्यांचा हात थोपटते, "सांगा हो, पण एक मिनिट" म्हणते आणि समोरच्या जोशीवहिनींना हाक मारते, कारण साक्षीला एकापेक्षा दोघी बऱ्या. वहिनी येताना मोबाइल आणि वाटीभर चिवडा घेऊन येतात. चिवडा कशाला, असं संपादकांनी विचारलं होतं. मी म्हटलं, त्या कुठेही रिकाम्या हाताने जात नाहीत, पान 14 बघा.