तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्र्यांच्या पायांचीच डॉक्टर का?

‘एवढं शिकलात, मग कुत्र्यांच्या गुडघ्यांतच का अडकलात?’ लग्नाकार्यात कुणी ना कुणी हमखास विचारतं. विचारणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं, म्हणून नीट उत्तर देते.

परळच्या व्हेटरनरी कॉलेजात गाय, म्हैस, घोडा, कोंबडी, सगळंच शिकलो. सर्जरीत एम.व्ही.एस्सी. करताना मी हाडांकडे वळले, ती कुत्र्यांच्या एका सवयीमुळे. शेपटीवर पाय पडला तर कुत्रा किंचाळतो, पण महिनोन्महिने ठणकणाऱ्या सांध्याबद्दल अवाक्षर काढत नाही. तो एकेक गोष्ट सोडून देतो. सोफ्यावर उडी मारत नाही, जिन्याच्या पायथ्याशी घुटमळतो, बसताना एक पाय बाजूला काढतो. घरचे म्हणतात, ‘डॉक्टर, वय झालं हो आता त्याचं.’ सात वर्षांच्या लॅब्रॅडॉरबद्दलही हे ऐकते. वयानं कुत्रा जास्त झोपेल, पण लंगडतो तो दुखतं म्हणूनच. ते दुखणं हुडकून काढणं, हेच माझं काम आहे असं मी मानते.

त्यामुळे मी कुत्र्याला लगेच टेबलावर घेत नाही. आधी पॅसेजमध्ये चालवायला लावते. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मग मागे उभी राहून दोन्ही मांड्या एकाच वेळी हातात धरते. दुखऱ्या बाजूची मांडी मुठीत भरत नाही, स्नायू झडलेला असतो. शेवटी गुडघा. एका हातानं मांडीचं हाड स्थिर धरायचं, दुसऱ्यानं नडगी पुढे ढकलायची. ती सरकली की आतलं लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, तुटलेलं आहे.

या लिगामेंटनं मला सर्जन म्हणून सगळ्यात जास्त शिकवलं. कुत्र्याच्या नडगीचा माथा मागच्या बाजूला साधारण २५ अंशांनी उतरता असतो. म्हणून प्रत्येक पावलाला नडगी पुढे सरकू पाहते आणि लिगामेंट तिला अडवून धरतं. ते आतल्या आत विरत जातं आणि एक दिवस बागेत धावताना तुटतं. मालकाला वाटतं, उडी चुकली. ऑरेगनमधल्या बार्कले स्लोकम या सर्जनने १९९३ साली यावर जे ऑपरेशन मांडलं, ते मला अजूनही थक्क करतं. त्याचं नाव टीपीएलओ, म्हणजे नडगीचा माथा सपाट करणं. तुटलेलं लिगामेंट पुन्हा बसवायच्या मागे लागायचंच नाही. नडगीचा माथा गोलाकार करवतीनं कापायचा, फिरवून उतार ५ अंशांच्या आसपास आणायचा आणि प्लेट-स्क्रूनं पक्का करायचा. उतारच राहिला नाही, तर नडगी सरकणार कशी?

पण ऑपरेशन हा या कामाचा लहान भाग आहे. मोठा भाग तुमच्या घरात असतो. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या २४ जोड्या लावून, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं आयुष्यभर दिलं गेलं. २००२ साली निष्कर्ष आले: कमी खाणारी कुत्री जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. चहाबरोबरची ग्लुकोज बिस्किटं बंद करा म्हटलं की आजी-आजोबा माझ्यावर रुसतात. रुसू देत.

गुळगुळीत फरशीवर सतरंज्या किंवा योगा मॅट टाका आणि नखं कापा. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेनच्या पिल्लांना चांगलं तयार खाद्य चालू असताना वर कॅल्शियमची बाटली पाजू नका. जादा कॅल्शियम शोषलं जाणं या पिल्लांच्या शरीराला थोपवता येत नाही आणि हाडांची वाढ बिघडते. आणि हात जोडून सांगते, घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक कुत्र्याला देऊ नका. पोटात अल्सर होतात, किडन्या निकामी होतात. कुत्र्यांसाठी वेगळी औषधं आहेत आणि ती चांगली आहेत.

तुमचा कुत्रा हळू झाला असेल तर उद्या सकाळी तो झोपेतून उठतो तेव्हाची पहिली काही पावलं मोबाइलवर टिपा. एकदा बाजूनं, एकदा मागून. दवाखान्यात भीतीनं तो लंगडणं विसरतो, म्हणून तो व्हिडिओ मला माझ्या पॅसेजपेक्षा जास्त सांगतो.