जायफळ घातलेली कॉफी

आमच्या नौपाड्यातल्या घरी कॉफी पाहुण्यांसाठीच होते. भरपूर दूध, सढळ हाताने साखर, चमच्याच्या टोकावर मावेल एवढी इन्स्टंट पावडर आणि वरून किसलेलं जायफळ. तरतरी यावी म्हणून कॉफी आणि गुंगी यावी म्हणून जायफळ, दोन्ही एकाच कपात! तरीही रात्री सासूबाई तिला हात लावत नाहीत. "अगं, कॉफीनं झोप उडते. त्यापेक्षा अर्धा कप चहा टाक."

खरं तर दोन्हीतलं कॅफीन एकच. रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ साली ते कॉफीच्या बियांतून वेगळं काढलं. चहातलं द्रव्य निराळं असावं असा समज होता, तो १८३८मध्ये मिटला. वजनाला वजन तोललं तर चहापत्तीच सहसा वरचढ ठरते. पण कपाला पत्ती पडते दोन ग्रॅम आणि गाळून केलेल्या कॉफीला पूड लागते दहा-बारा. म्हणून कॅफेतल्या २४० मिलीच्या मगात साधारण ९५ मिलिग्रॅम कॅफीन, तेवढ्याच चहात चाळीस-पन्नास. आमच्या जायफळवाल्या कॉफीत मात्र जेमतेम पंधरा. म्हणजे सासूबाईंचा अर्धा कपच जास्त जागवणारा. हे त्यांना सांगायची माझी टाप नाही.

दुसरी गंमत 'कडक'ची. तलावपाळीच्या टपरीवर गिऱ्हाईक "जरा कडक" म्हणतं आणि पातेलं पुन्हा उकळायला लागतं. सीटीसीच्या, म्हणजे नेहमीच्या दाणेदार चहाच्या, बारीक दाण्यांतलं बहुतेक कॅफीन पहिल्या काही मिनिटांतच पाण्यात उतरलेलं असतं. पुढच्या उकळ्यांनी वाढतो तो तुरटपणा आणि रंग. जिभेला चपराक बसते, तिलाच आपण तरतरी म्हणतो.

बरं, कॅफीन थकवा घालवतं असंही नाही. दिवसभर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, ते ठरल्या जागी बसलं की झोप यायला लागते. कॅफीन लोकलमधल्यासारखा त्या जागेवर रुमाल टाकून ठेवतं. अ‍ॅडेनोसिन तोवर दाराशी गर्दी करून उभंच. पाचला प्यायलेल्यातलं निम्मं दहाच्या सुमारासही अंगात असतं, याला माणसागणिक फरक पडतो तो वेगळा.

चहाची तरतरी कॉफीपेक्षा सौम्य, असं चहावाले छातीठोक सांगतात आणि श्रेय थिअनिन नावाच्या अमिनो आम्लाला देतात. ते चहात असतं, कॉफीत नाही, हे खरं. पण प्रयोगांत ते कॅफीनच्या जोडीने देतात तेव्हा एका कपात असतं त्याच्या कितीतरी पट देतात. मला विचाराल तर श्रेय खुर्चीवरून उठण्याला द्यावं. ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात मशीनची कॉफी फुकट आहे, तरी चार वाजले की लिफ्ट भरून लोक खाली टपरीवर. कॅफीनचा अंमल पुरता चढायला अर्धा-पाऊण तास लागतो. इथे "चार कटिंग" सांगेपर्यंत कुणीतरी सकाळच्या मीटिंगची सालं काढायला घेतो आणि ग्लास हातात यायच्या आधीच सगळे टक्क जागे.