१७८ मिलिमीटरचा बांगडा

सरासरी आली १७८ मिलिमीटर, आणि टपात त्या मापाच्या जवळपासचे बांगडे होते दोन. दोनशेपैकी दोन!

मासळीच्या मोजणीचं माझं काम तसं कंटाळवाणं. हर्णै बंदरात होड्या लागल्या की लिलावाच्या कलकलाटातून वाट काढायची, तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, विचारून टपातले मासे उचलायचे आणि पट्टी ठोकलेल्या फळीवर एकेक आडवा ठेवायचा. तोंड शून्याला टेकवायचं, शेपटी सरळ करायची, आकडा ओरडायचा. सोबतचा पोरगा वहीत लिहितो. या सगळ्या खटाटोपाला वरून आलेल्या फॉर्मात रकाना एकच: सरासरी लांबी.

त्या दिवशी दिवाळी उलटून गेली होती आणि बांगडा भरपूर आला होता. चहाच्या टपरीवर बसून मी बेरीज केली, भागाकार केला, १७८ लिहिले. पण माझे हात काहीतरी वेगळंच सांगत होते. सकाळभर मी एक तर वीतभरापेक्षाही आखूड बांगडे उचलले होते, नाहीतर चांगले भरलेले, जाडजूड. मधला असा हाताला लागल्याचं आठवेना.

मग वही उघडून वारंवारता सारणी, म्हणजे कुठल्या लांबीचे किती मासे याचा तक्ता, मांडायला घेतली. दहा-दहा मिलिमीटरचे वर्ग पाडले, १२०–१३०, १३०–१४० असे. बरोबर १५० भरलेला बांगडा १५०–१६० मध्ये घालायचा, हे आधीच ठरवून टाकलं. नाहीतर असा मासा एकदा इकडे, एकदा तिकडे पडतो आणि बेरीज जुळता जुळत नाही. पोरगा आकडे वाचत होता, मी ताळ्याच्या खुणा करत होतो. चार उभ्या रेघा, पाचवी तिरकी. अर्ध्या वहीतच चित्र दिसायला लागलं. १४०–१५० मध्ये ३८ मासे, २१०–२२० मध्ये ३५. आणि १७०–१८० मध्ये, जिथे आमची सरासरी ऐटीत बसली होती, तिथे जेमतेम दोन रेघा.

वर्ग किती रुंद घ्यायचा यावर केवढं अवलंबून असतं ते तिथेच ताडून पाहिलं. साठ मिलिमीटरचे दोनच वर्ग केले तर १२०–१८० मध्ये १०३ आणि १८०–२४० मध्ये ९७. दोन जवळपास सारखे खांब, सगळं कसं गुण्यागोविंदाने. उलट दोन-दोन मिलिमीटरचे वर्ग केले तेव्हा आलेख फणीसारखा दातेरी झाला, आणि उंच दाते नेमके १४०, १४५, १५० असे. पट्टीवरच्या लांब रेघेशी नजर अडखळते ना, त्याचा हा परिणाम. तो गुण माशांचा नव्हे, मोजणाऱ्याचा.

दहाच्या वर्गांचा आयतालेख चौकड्यांच्या कागदावर काढला. खांब एकमेकांना चिकटून, कारण लांबी सलग वाढते. बांगडा, तारली, बोंबील असे प्रकार मोजायचे असते तर मध्ये फट सोडून साधा स्तंभालेख चालला असता. कागदावर दोन उंचवटे उभे राहिले, मध्ये खोल दरी.

आता मासेमारीच्या शास्त्रात असे उंचवटे दिसले की पहिला विचार वयाचा येतो. डेन्मार्कच्या पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हीच वाट दाखवली: लांबीच्या आलेखातला एकेक उंचवटा म्हणजे एकेक पिढी. लहान यंदाचे, मोठे आधीचे. मोह पडण्यासारखंच उत्तर. पण बंदरावर वावरणारा माणूस आधी जाळं विचारतो. कागद घेऊन तांडेलाकडे गेलो. तो होडीच्या काठावर बसून फाटलेलं जाळं शिवत होता.

"काका, हे दोन डोंगर कशाचे?"

त्याने कागद उलटा धरला, मग सुलटा. "ह्यो बारका आणि ह्यो मोठा, असंच ना? अरे, जाळीच दोन होती. एक तारलीचं, एक बांगड्याचं. आस वेगळा, मासा वेगळा. माल टपात एकत्र ओतला पोरांनी."

झालं. आस म्हणजे जाळ्याचं भोक. गळाला लागणारा मासा निराळा आणि आसात अडकणारा निराळा. डोल किंवा पर्ससीन जाळ्यांचं नाही म्हणत मी, पण पाण्यात पडद्यासारख्या सोडलेल्या या जाळ्यांत प्रत्येक आसाला आपल्या मापाचाच मासा सापडतो. त्याहून बारीक आरपार निघून जातो, त्याहून मोठ्याचं डोकंच आत शिरत नाही. म्हणजे ती दरी समुद्रात होतीच असं नाही. मधल्या मापाचे बांगडे बाहेर मजेत पोहत असतीलही, त्यांच्या मापाचा आस त्या रात्री पाण्यात नव्हता इतकंच. आलेखाने दोन गट आहेत हे चोख दाखवलं. का आहेत, ते सांगायला जाळं शिवणारा माणूस लागला.

फॉर्मात १७८ लिहिले, कारण रकानाच तेवढा. पण मागे सारणी आणि आलेख टाचून दिले. २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. तशा नियमापुढे सरासरी अगदीच कुचकामी. तिथे प्रश्न असतो की ठरलेल्या रेघेखाली किती मासे आले, आणि त्याचं उत्तर संचित वारंवारता, म्हणजे त्या रेघेपर्यंतच्या सगळ्या माशांची बेरीज, देते: समजा रेघ १५० ला, तर आत ७४; १६० ला, तर ९५.

पुढच्या खेपेपासून आम्ही प्रत्येक जाळ्याचा माल वेगळा मोजू लागलो. आयतालेख एकावर एक चढवले की नुसता चिखल होतो, म्हणून आता प्रत्येक खांबाच्या माथ्याचा मधला बिंदू रेघेने जोडून वारंवारता बहुभुज काढतो, एक निळा, एक लाल. दोन्ही जाळ्यांतल्या माशांची संख्या सारखी नसली तर आधी टक्केवारी काढून. वरून एकदा फोन आला: ही लाल-निळी चित्रं कशाला, मधला एक आकडा द्या की. मी म्हटलं, देतो, पण कुठल्या जाळ्याचा ते आधी सांगा.