तुम्ही विचारलंत म्हणून: उद्यमबागेतल्या माणसाचं चिलखत फोमचं का?

"मामा, घरात लेथ हाय, वेल्डिंग हाय, मग हे लोखंडाचं का नाही केलासा?"

भाच्यासाठी केलेला आयर्नमॅनचा सूट ज्यानं ज्यानं पाहिला, त्यातल्या जवळजवळ प्रत्येकानं मला हेच विचारलं आहे. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतले टर्नर, फिटर, मोल्डर आधी छातीवर टिचकी मारून बघतात. आवाज येत नाही म्हटल्यावर माझ्या तोंडाकडं बघतात. रविवार पेठेतल्या दुकानदारानं हाच प्रश्न कन्नडमधून केला. बेळगावात तो पडणं साहजिक आहे. इथल्या कितीतरी घरांची चूल फौंड्री, म्हणजे ओतकामाचे कारखाने, आणि मशीन शॉपवर पेटते. मी स्वतः पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाआधी वाळूत जो साचा उठवायचा त्यासाठी लाकडाचा नमुना करणारा. घरामागच्या शेडमध्ये छोटा लेथ आहे, रंधा-पटाशी आहे, वेल्डिंगचं मशीन आहे. अशा माणसानं चपलेच्या सोलच्या फोमातून चिलखत करावं हे लोकांना पटत नाही. म्हणून एकदाच सविस्तर सांगतो.

पहिलं उत्तर सगळ्यांना वजनाचं अपेक्षित असतं. हिशेब सोपा आहे. 20 गेजचा पत्रा, म्हणजे सुमारे 0.9 मिलिमीटर जाडीचा, एका चौरस मीटरला 7 किलो भरतो. मोठ्या माणसाच्या अंगाभोवतीचं चिलखत, एकावर एक येणाऱ्या कडा धरून, अडीच चौरस मीटरचं मानलं तर साडेसतरा किलो झाले. त्याच मापात 10 मिलिमीटर जाडीचा हलका ईव्हीए फोम (चपलेच्या सोलला लागतो त्याच जातीचा), घनमीटरला 100 किलोचा, अडीच किलोत बसतो. फरक मोठा आहे, पण माझं खरं कारण तो नाही. युरोपातल्या सरदारांची डोक्यापासून पायापर्यंतची पोलादी चिलखतं 15 ते 25 किलोची असत आणि ती घालून माणसं घोड्यावर चढत, पळत, लढत. वजन अंगभर वाटलं गेलं तर माणूस ते पेलतो.

खरा प्रश्न सांध्यांचा आहे.

जुन्या लोहारांना हे पक्कं ठाऊक होतं. आपल्याकडचं चिलखत बारीक कड्या एकमेकींत गुंतवून केलेलं असे, म्हणून ते अंगाबरोबर वळे. प्रतापगडाखाली 10 नोव्हेंबर 1659 रोजी महाराजांच्या अंगरख्याखाली चिलखत होतं, ही गोष्ट आपण पोरवयापासून ऐकतो. ते घालून त्यांना चालता, वाकता, झटापट करता येत होती, हे मात्र कुणी मुद्दाम सांगत नाही. युरोपातल्या पत्र्याच्या चिलखतात कोपरावर, गुडघ्यावर, खांद्यावर अरुंद पट्ट्या एकीखाली एक सरकत. त्या आतून चामड्याच्या वाद्यांना जोडलेल्या असत किंवा लांबट भोकात सरकणाऱ्या रिव्हेटांवर खेळत. आणि प्रत्येक पत्रा एकाच माणसाच्या अंगावर बेतलेला. त्या माणसानं हात कुठवर उचलायचा, मान किती फिरवायची, हे ठरवून मग हातोडा पडे.

सुपरहिरोचं चिलखत याच्या उलट जन्माला आलं. ते आधी कागदावर आलं. आयर्नमॅन 1963 साली कॉमिकमध्ये पहिल्यांदा दिसला तेव्हा चित्रकाराला फक्त तो दणकट दिसायला हवा होता. चित्रातल्या माणसाला काख नसते. त्याची छातीची ढाल दंडाला घासत नाही, पोटावरचा पत्रा बसताना बरगडीत घुसत नाही. ते चित्र जसंच्या तसं पत्र्यात उतरवलं तर आतला माणूस पुतळ्यासारखा उभा राहील. चित्र जसं आहे तसं दिसायला हवं आणि आत जिवंत माणूस हलायलाही हवा, या दोन्ही गोष्टी साधायच्या तर कडेला दबणारं आणि सोडलं की पुन्हा मूळ जागी येणारं काहीतरी लागतं. फोम दबतो. पत्रा दबत नाही, तो कापतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. बेळगावची शिवजयंती आपण तिथीनं करतो, वैशाख शुद्ध द्वितीयेला, आणि तिच्या चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सजीव देखावा असतो. गल्लीतली पोरं मावळे, सरदार, खानाचे शिपाई होऊन उजाडेपर्यंत उभी राहतात. आमच्या मंडळाची शिरस्त्राणं, ढाली, छातीचे पत्रे मी करत आलो आहे. मिरवणूक संपल्यावर पोरांच्या अंगावरून ते उतरवायला मीच असतो, त्यामुळं पत्रा कुठं लागतो हे मला पाठ आहे. काखेच्या पुढच्या बाजूला. गळ्याखालच्या हाडावर. कमरेला, जिथं माणूस वाकतो तिथं. कड कितीही घासून गोल केली, वर कापड लावलं, तरी वैशाखातल्या उकाड्यात घामानं कातडी मऊ होते आणि तिथंच सालपटं निघतात. देखाव्यात उभं राहणाऱ्या पोराला हात फार हलवायचा नसतो, म्हणून निभावतं. भाच्याला मात्र कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये चालायचं होतं, जिना चढायचा होता, पोरांबरोबर फोटो काढायचे होते.

आमच्या घरी कसोटी एकच ठरली: सूट घालून वाकून आजीच्या पाया पडता आलं पाहिजे. माझ्या मते कुठल्याही चिलखताची यापेक्षा चांगली परीक्षा नाही. वाकताना कंबर, मांडीचा सांधा, गुडघा, खांदा, मान, सगळ्यांचा एकदम कस लागतो.

आता फोमाच्या कामाविषयी. लोकांना वाटतं की मी माझा धंदा सोडून काहीतरी पोरखेळ केला. तसं अजिबात नाही, यात पॅटर्नमेकरचंच काम भरलेलं आहे. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, निवताना सुमारे 1 टक्का आकसतं, म्हणून 1000 मिलिमीटरच्या कास्टिंगला आम्ही 1010 चा पॅटर्न करतो. मापाला आधीच काय द्यायचं, हा विचार आमच्या हातातच असतो. फोमाचा प्रश्न वेगळा, त्याची जाडी माप खाते. समजा, दंडाचा घेर 300 मिलिमीटर आहे. 10 मिलिमीटरचा फोम त्याभोवती गुंडाळला की बाहेरचा घेर जवळजवळ 363 होतो. आतली बाजू दबते, बाहेरची ताणते, मधला थर तेवढा आपल्या लांबीवर राहतो. म्हणून पट्टी 300 ची नाही, सुमारे 331 ची कापायची. दंडावर टेप लावून मोजलेलं माप फोमावर तसंच उतरवणाऱ्याचा प्रत्येक तुकडा घट्ट होतो.

माप घ्यायची रीत साधी आहे. भाच्याला जुना टी-शर्ट घालायला लावला आणि त्यावरून चिकटपट्टी गुंडाळली, अंगाला बसेल अशी पण आवळणार नाही अशी. मग मार्करनं रेषा मारल्या: छातीची ढाल इथं संपेल, बरगडीची पट्टी इथून सुरू. हात वर कर, खाली कर, मांडी घाल. जिथं सुरकुती पडली तिथं सांध्याची रेषा. नंतर कात्रीनं ते कवच उलगडलं, सपाट केलं आणि कागदावर उतरवलं. पॅटर्न दोन अर्ध्यांत फोडताना पार्टिंग लाइन कुठं घ्यायची, हा निर्णय जितका महत्त्वाचा, तितकाच हा. रेषा चुकीच्या जागी गेली तर पुढं कितीही मेहनत केली तरी सांधा अडतो.

फोम आणला तो चपलेच्या मालाच्या दुकानातून. आपल्याकडं हे सोयीचं आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राच्या 4 आणि कर्नाटकाच्या 4 जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात बेळगाव आहे. अथणी, निपाणी ही चपलांचीच गावं. खरी कोल्हापुरी अर्थात चामड्याची, पण रोजच्या चपलांसाठी सोलचे ईव्हीए शीट या पट्ट्यात सहज मिळतात. सोलचा फोम घट्ट असतो, तो मी कडांना आणि घासणाऱ्या जागांना वापरला. मोठे भाग हलक्या फोमाचे.

कापायला शिकवलं ते निपाणीच्या एका चपला करणाऱ्या काकांनी. त्यांनी माझ्या हातातली कटरची पाती बघितली, बाजूला ठेवायला सांगितली आणि स्वतःची रापी दिली. पातं चामड्यावर परजून घ्यायचं, तुकडा पाटावर पक्का धरायचा आणि एका दमात ओढायचं, मध्ये थांबायचं नाही. थांबलं तिथं पायरी पडते आणि जोडताना ती पायरी फट होऊन दिसते. दोन तुकड्यांच्या कडा तिरप्या कापल्या की जोडल्यावर कोन आपोआप उभा राहतो, खालून कसला आधार लागत नाही. छातीच्या ढालीवरची सगळी धारदार वळणं अशीच आली आहेत.

चिकटवायला सनमायकाला लावतात ते रबरी सोल्यूशन. दोन्ही कडांना पातळ लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्यायचं, मग जोडायचं. एकदा टेकलं की सरकवायला वाव नाही. याच्या वाफा डोक्यात जातात आणि पेटही चटकन घेतात, तेव्हा शेडचं दार उघडं हवं आणि सोल्यूशन ओलं असताना हीट गन जवळपास नको. घासताना उडणारी धूळही बारीक असते, तोंडाला मास्क पाहिजेच.

हीट गनचं काम मला सगळ्यांत आवडतं. फोमावर गरम वारा फिरवला की थोडा वेळ काही होत नाही. मग पृष्ठभागावरची बारीक छिद्रं मिटतात आणि मंद चकाकी येते. तेवढ्यात वाकवायचं. खांद्याची वाटी मी फौंड्रीतल्या जुन्या घमेल्याच्या पाठीवर केली. गरम तुकडा त्यावर घातला, दोन्ही तळव्यांनी खाली ओढून निवेपर्यंत धरला. सोडल्यावर वाटी तशीच राहते. ही गोलाई पत्र्यात आणायची तर ठोकून ठोकून दिवस जातो आणि चुकलेला ठोका दिसत राहतो.

रंगाचं लोकांना फार कुतूहल असतं, कारण हा सूट लाल-सोनेरी नाही, राखाडी आहे. आयर्नमॅनचं पहिलं चिलखत राखाडीच होतं. त्याच 1963 मध्ये ते आधी सोनेरी झालं आणि वर्ष संपता संपता लाल-सोनेरी. भाच्याला पहिलंच हवं होतं आणि मला त्याचा आनंद झाला, कारण तो रंग कसा आणायचा हे मला माहीत होतं. आधी पांढऱ्या फेविकॉलमध्ये पाणी घालून पातळ हात दिले, म्हणजे फोमाची छिद्रं बुजतात आणि थर लवचिक राहतो. गाडीच्या पत्र्याची पुट्टी इथं चालत नाही, वाकलं की तडकते. मग काळा रंग. आणि त्यावर फौंड्रीत साच्याला लावतात ती ग्रॅफाइटची पावडर, सुती कापडानं घासून. कापड जसं फिरतं तसा खालून धातू वर येतो. हे नुसतं सोंग नाही. ओतीव बिडाचा तुकडा मोडला तर आत जो राखाडी रंग दिसतो तो बिडातल्या ग्रॅफाइटमुळंच असतो. तीच वस्तू सुटाच्या अंगावर आहे. वरून पारदर्शक थर दिला, नाहीतर ग्रॅफाइट कपड्यांना लागत राहतं. हा शेवटचा थर पावसाळ्यात देऊ नये. आपल्याकडच्या आषाढ-श्रावणातल्या दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते.

शिरस्त्राण तेवढं थ्रीडी प्रिंटरवर काढलेलं आहे. डोक्याला आकार पक्का हवा आणि तिथं वाकण्याचा प्रश्न नाही. ते पीएलए प्लास्टिकचं आहे, जे 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळं उन्हात बंद गाडीत ठेवायचं नाही हा घरातला नियम. आत कॉम्प्युटरचा लहान पंखा आहे, पॉवर बँकेवर चालणारा. तो नसला तर श्वासानं डोळ्यांच्या काचा धुरकटतात.

आणि धातू अगदी नाही असंही नाही. शिरस्त्राणाची तोंडावरची झडप वर उघडते तिची पितळी पिन मी लेथवर काढली आहे. वाद्यांची बक्कलं, खांद्याचे रिव्हेट, सगळं धातूचं. जिथं काहीतरी फिरतं किंवा ताण घेतं तिथं धातू, जिथं माणसाचं अंग टेकतं तिथं फोम, अशी माझी वाटणी आहे.

तो सूट मंडळाच्या पोरांनीही घालून पाहिला, ट्रॉलीवर चढून उतरून पाहिलं. आता पुढच्या वैशाखातल्या चित्ररथासाठी मावळ्यांचे छातीचे पत्रे याच रीतीनं करायचं ठरलं आहे. जुन्या कार्यकर्त्यांचा आधी विरोध होता. मशालीच्या उजेडात पत्र्याला जी झळाळी येते ती यात येणार नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे, ग्रॅफाइट पत्र्याइतकं चमकत नाही. शेवटी ठरलं ते असं: रात्रभर उभ्या राहणाऱ्या पोरांना फोम, आणि महाराजांचा जिरेटोप मात्र पितळेचाच राहील. त्याच्या आतल्या कडेला सोलच्या फोमाची पट्टी लावून घेण्याची परवानगी तेवढी मी मिळवली आहे.