अकरा मिनिटांचा हिशेब

गेल्या एप्रिलमध्ये ध्वनिमुद्रित केलेली एक मुलाखत प्रसारित होऊन तीन महिने झाले, तरी ती माझ्या मनातून जात नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांवर एका लेखिकेने सहा वर्षे खपून पुस्तक लिहिले होते, आणि त्या पुस्तकाविषयी तिच्याशी बोलायचे काम माझ्याकडे आले होते.

जात, जमीन, पाणी, स्थलांतर अशा विषयांवरची नवी पुस्तके निवडून त्यांच्या लेखकांशी तासभर बोलायचे आणि त्यातून चाळीस मिनिटांचा श्राव्य कार्यक्रम तयार करायचा, हे काम मी नऊ वर्षे करते आहे. या कामातले कौशल्य प्रश्न विचारण्यात आहे असे बाहेरच्यांना वाटते. खरे तर ते वाचण्यात आहे. मलपृष्ठ आणि प्रस्तावना वाचून मुलाखतीला येणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत. लेखक त्यांना प्रस्तावनेतलीच उत्तरे पुन्हा देतो, दोघेही समाधानाने उठतात आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. मी पुस्तक दोनदा वाचते. पहिल्या वाचनात हातात पेन्सिल नसते. दुसऱ्या वाचनात मी फक्त दोन गोष्टींवर खुणा करते, एक आकडे आणि दुसरी क्रियापदे. ‘पैसे दिले गेले’, ‘निर्णय घेण्यात आला’, ‘जमीन विकली गेली’ अशा वाक्यांत कर्ता गळलेला असतो, आणि लेखकाने कर्ता गाळला की बहुतेक वेळा तो त्याला ठाऊक नसतो किंवा ठाऊक असून सांगता येत नसतो. माझा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न नेहमी अशाच एखाद्या वाक्यावर असतो.

दुसरी सवय मौनाची. लेखकाचे उत्तर संपले की मी लगेच पुढचा प्रश्न विचारत नाही, मनात सातपर्यंत मोजते. तयार उत्तर आधी येते आणि खरे उत्तर त्या मौनानंतर येते, हा माझा नऊ वर्षांचा अनुभव आहे. संकलनात ही मौने कापली जातात, कारण दोन सेकंदांहून अधिक शांतता गेली की ऐकणाऱ्याला काही बिघडले असे वाटते, असे आमचे संकलक मानतात. मला हे कधीच पटलेले नाही.

त्या दिवशी लेखिका एकटी आली नाही. तिच्याबरोबर चाळिशीच्या आसपासची एक बाई होती. तिची हकीकत पुस्तकात बदललेल्या नावाने आलेली होती. ऊसतोडीचा हंगाम संपवून ती नुकतीच गावी परतली होती आणि हाडांच्या दुखण्यासाठी पुण्यात तपासणीला आली होती. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली की पाळी त्याच दिवशी कायमची थांबते आणि पुढे हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. तिची ही शस्त्रक्रिया पंचविशीच्या आतच झालेली होती. लेखिका तिला ‘आक्का’ म्हणत होती, म्हणून मीही आक्काच म्हणू लागले. मी त्यांना पाणी दिले, बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवले आणि ध्वनिमुद्रण कक्षाचे दार लावून घेतले. कक्षात तीन ध्वनिग्राहक होते आणि तिसरी खुर्चीही होती. तरीही आक्कांना आत बोलवावे असे माझ्या मनातसुद्धा आले नाही, कारण कार्यक्रम लेखकांशी संवादाचा आहे हे माझ्या अंगवळणी पडलेले होते. काचेतून त्या आम्हाला पाहू शकत होत्या, ऐकू मात्र शकत नव्हत्या.

पहिला अर्धा तास पिशवीवर गेला. बीडकडे गर्भाशयाला पिशवी म्हणतात आणि ‘पिशवी काढली’ हे वाक्य तिथे दात काढला म्हणावे इतक्या सहजपणे उच्चारले जाते. २०१९ साली या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा बायकांमागे एक. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी रुग्णालयांनी अशी शस्त्रक्रिया करू नये, असा निर्बंध बीडमध्ये आला. लेखिका हे सगळे नीट, न अडखळता सांगत होती. ही उत्तरे तिने आधी अनेक ठिकाणी दिलेली आहेत हे मला कळत होते, आणि तरीही मी त्याच वाटेने प्रश्न विचारत राहिले, कारण दुःखाचा भाग आवाजात चांगला उतरतो.

मग मी खूण केलेल्या वाक्यावर आले. पुस्तकात लिहिले होते, ‘शस्त्रक्रियेचा खर्च उचलीतून भागवला गेला.’ मी विचारले, “हा खर्च कोणी भागवला, कधी, आणि तो कोणाच्या वहीत लिहिला गेला?” लेखिका थांबली. मी मोजू लागले. पाचापर्यंत आले असेन, तेव्हा ती म्हणाली, “पिशवीबद्दल मला सगळेच विचारतात. उचलीबद्दल आजवर कोणी विचारले नव्हते, म्हणून मीही त्या वाक्यावरून पुढे गेले. हे तुम्ही आक्कांनाच विचारा. त्या बाहेर बसल्या आहेत.”

मी उठून दार उघडले. आक्का आत आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या, आणि पुढची अकरा मिनिटे लेखिका आणि मी जवळजवळ काहीच बोललो नाही.

उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाने, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराने, जोडप्याला दिलेली आगाऊ रक्कम. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकट्या बाईचा किंवा एकट्या पुरुषाचा अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला उचल देताना मुकादम हात आखडता घेतो. करार कारखान्याचा वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी होतो. ज्यांचे हात उसाला लागतात त्यांचे नाव कारखान्याच्या कागदावर नसते, म्हणून काही बिघडले की ‘ही माणसे आमची नव्हेत’ असे म्हणायला कारखाना मोकळा असतो. साखरेच्या पोत्यापोत्याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था तो ऊस तोडणाऱ्या माणसांची साधी यादी ठेवत नाही, हे मला कोणत्याही अपघाताइतकेच गंभीर वाटते.

आक्का म्हणाल्या, “दवाखान्याचे पैसे मुकादमानंच दिले. ते उचलीवर चढले. पुढल्या साली आम्ही उचल फेडाया गेलो, तर त्यात माझी पिशवी बी फेडायची होती.”

हे वाक्य ऐकल्यावर मला पुस्तकाची रचनाच निराळी दिसू लागली. पुस्तकात शस्त्रक्रियेचे एक प्रकरण होते आणि कर्जाचे दुसरे, मध्ये साठ पाने. आक्कांच्या सांगण्यात त्या दोन गोष्टी नव्हत्याच. पाळीच्या दिवसांत काम बुडाले की खाडा पडतो, आणि एका दिवसाच्या खाड्याला ५०० रुपये कापले जात होते. फडात, म्हणजे तोडणीच्या शेतात, आडोसा नाही, राहायच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पाणी नाही, अंगावरून जाते म्हणून दवाखान्यात गेले की डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. खाडा टाळण्यासाठी शस्त्रक्रिया, शस्त्रक्रियेसाठी उचल, आणि वाढलेली उचल फेडण्यासाठी टाके पुरते भरण्याआधी पुन्हा फड. आक्का डोकी सेंटरवर जायच्या, म्हणजे तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये भरायच्या. ट्रक रात्री दोनला आला तर दोनला उठून भरायचा.

मी कागदावर हिशेब मांडला आणि तो मोठ्याने वाचला. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनामागे २७३ रुपयांचा दर ३६६ वर गेला. एका कोयत्याची उचल एक लाख धरली तर ती फिटायला जुन्या दराने ३६६ टन ऊस तोडावा लागत होता, नव्या दराने २७३ टन. रोज दोन टन धरले तर १३७ दिवस, म्हणजे साडेचार महिने एकही सुटी नाही. आक्कांनी बोटांवर मोजून मान हलवली आणि मला दुरुस्त केले. रोज दोन टन होत नाहीत, कारखाना बंद पडला की टोळी बसून राहते, पाऊस आला की फडात गाडी शिरत नाही, आणि जळिताचा ऊस असला की भावात कापतात. “ताई, तुमी सगळे दिस सारखे धरले,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या नवख्या माणसाला काम शिकवावे तशा त्या मला शिकवत होत्या.

त्यांना जाताना मी रिक्षापर्यंत सोडले. नऊ वर्षांतले सर्वांत चांगले ध्वनिमुद्रण आज झाले, असे मला त्या संध्याकाळी मनापासून वाटत होते.

दहा दिवसांनी संकलित प्रत ऐकायला आली. ती चाळीस मिनिटांची होती आणि तिच्यात ती अकरा मिनिटे नव्हती. पिशवीचा भाग पूर्ण होता. त्याला जोडून आक्कांचे एकच वाक्य ठेवलेले होते, ‘त्यात माझी पिशवी बी फेडायची होती’, आणि त्याच्याखाली सारंगी लावलेली होती. आकडे कानाला जड जातात, फडाचा आणि खाड्याचा अर्थ शहरातल्या श्रोत्याला कळत नाही, शिवाय कार्यक्रम लेखकाचा आहे, असे संकलकांनी सांगितले. हे संकलक आपल्या कामात अतिशय कुशल आहेत आणि त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पण ज्या हिशेबामुळे त्या वाक्याला अर्थ होता तो हिशेब काढून टाकला की उरतो केवळ हळहळ वाटायला लावणारा आवाज, हे त्यांना दिसले नाही. मला दिसले होते. मी दोनदा हरकत घेतली, तिसऱ्यांदा घेतली नाही, कारण प्रसारणाचा दिवस जाहीर झालेला होता, आणि अंतिम श्रवणाच्या कागदावर मी सही केली.

कार्यक्रमाला पुष्कळ प्रतिसाद आला. डोळ्यांत पाणी आले, अंगावर काटा आला, असे शेकडो श्रोत्यांनी लिहिले. ती माणसे चांगली आहेत, त्यांच्या भावनेवर मला शंका नाही. पण दर काय मिळतो, उचल किती असते, खाडा कोण ठरवतो, हे एकानेही विचारले नाही. त्यांनी विचारावे तरी कसे? विचारता येईल असे काही आम्ही त्यांच्यापर्यंत पोचूच दिले नव्हते.

आठवड्याने लेखिकेचा फोन आला. आक्कांनी मुलाच्या मोबाइलवर कार्यक्रम ऐकला होता आणि तिला विचारले होते, “माझा हिशेब कुठं गेला?” लेखिका रागावलेली नव्हती. तिने तो प्रश्न जसाच्या तसा मला सांगितला आणि ती गप्प राहिली. या वेळी मोजण्याची पाळी तिची होती.

मूळ ध्वनिमुद्रण माझ्याजवळ होते. त्या अकरा मिनिटांची फीत, मौनांसकट, काहीही न कापता, मी लेखिकेमार्फत आक्कांना पाठवली. तोच भाग स्वतंत्रपणे प्रसारित करावा असे संस्थेला लेखी कळवले. त्यावर अजून निर्णय झालेला नाही. माझ्या पुढच्या तीन मुलाखती ठरल्या आहेत. त्यांपैकी दोन लेखकांना मी कळवले आहे की तुमच्या पुस्तकातले कोणी यायला तयार असेल तर तिसरी खुर्ची मांडलेली असेल. एकाला ही कल्पना आवडली नाही. मुलाखत त्याच्या पुस्तकाची आहे, असे त्याचे म्हणणे आहे, आणि त्याला काय उत्तर द्यावे हे माझे अजून ठरलेले नाही.

जूनमध्ये आक्कांचा आवाजी निरोप आला. त्यांनी ती फीत वस्तीवरच्या बायकांना ऐकवली होती, आणि सगळ्याजणींनी मिळून माझ्या हिशेबात एक चूक काढली होती. हंगामात किराणा, मीठ-मिरची, पोराच्या औषधाला मुकादम दर पंधरवड्याला जी रक्कम देतो तिला खर्ची म्हणतात, आणि तीही उचलीवरच चढते. मी ती धरलीच नव्हती.

“ताई,” आक्का निरोपात म्हणत होत्या आणि मागे कुठेतरी बायका हळू आवाजात आकडे सांगत होत्या, “तुमी खर्ची नाही धरली. त्ये एकशेसदतीस दिवस आमी खाल्लं काय?”